ओळखलं, पण पुढे काय?

२८ मार्च २००१. सायप्रसमधल्या लिमासोल शहरात पहाटे चारच्या सुमारास एका कॅबरेचा मॅनेजर वीस वर्षांच्या रशियन तरुणीला घेऊन पोलीस ठाण्यात आला. 'आर्टिस्ट' म्हणून रीतसर परवाना काढून ती त्याच्याकडे कामाला आली होती आणि तीनच दिवस काम करून निघून गेली होती. त्याची मागणी साधी होती. ही आता बेकायदा ठरली, हिला देशाबाहेर काढा, म्हणजे मला हिच्या जागी दुसरी मुलगी आणता येईल. पोलिसांनी शोध असलेल्यांची यादी पाहिली, इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला विचारलं. तिच्या नावावर काहीच निघालं नाही. म्हणजे तिला अडकवून ठेवायचं कारण नव्हतं. पण तिला मोकळंही सोडलं नाही. त्याच मॅनेजरला बोलावलं, तिची कागदपत्रं त्याच्या हवाली केली आणि सकाळी सात वाजता तिला इमिग्रेशन कार्यालयात हजर करा, असं सांगितलं. साडेसहाच्या सुमारास ती एका इमारतीखाली रस्त्यावर मृतावस्थेत सापडली.

तिच्या वडिलांनी हे प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेलं. ७ जानेवारी २०१० रोजी 'रान्त्सेव विरुद्ध सायप्रस आणि रशिया' या खटल्याचा निकाल लागला. पोलिसांनी तिचा जबाब घेतला नाही, ती तिथून का निघून गेली याची चौकशी केली नाही आणि ज्या मालकापासून तिला धोका असू शकत होता त्याच्याच ताब्यात तिला दिलं, असा ठपका न्यायालयानं ठेवला. निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे: पोलीस आणि इमिग्रेशन कर्मचाऱ्यांना मानवी तस्करीबाबत योग्य प्रशिक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य आहे.

प्रशिक्षण हवं की नको, हा वाद खरं तर तेव्हाही नवा नव्हता. मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार, म्हणजे पालेर्मो प्रोटोकॉल, २००० सालचा. आज १८० हून अधिक सदस्य त्याला बांधील आहेत आणि त्याच्या दहाव्या कलमात इमिग्रेशन अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. प्रश्न आहे तो या प्रशिक्षणात काय शिकवायचं, कुठल्या टेबलावरच्या माणसाला शिकवायचं, आणि त्यानं पीडित ओळखला तर पुढे काय करायचं, हा. या तिन्ही बाबतींत आज जे चाललं आहे ते चुकीच्या दिशेनं चाललं आहे, असं माझं ठाम मत आहे.

सर्वसाधारण प्रशिक्षणाचा साचा ठरलेला असतो. खाणाखुणांची यादी. प्रवासी घाबरलेला आहे का, नजर चुकवतो का, त्याचा पासपोर्ट दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे का, त्याच्या वतीनं सोबतचा माणूसच बोलतो का, अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत का. यादी खोटी नाही. अशी माणसं काउंटरवर येतात आणि त्यांना ओळखून बाजूला घेणारे अधिकारीही असतात. पण ज्या क्षणी ही यादी वापरायची, त्या क्षणाचा नीट विचार कोणी करत नाही.

काउंटरवरच्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघू. समोर रांग आहे. एका प्रवाशासाठी मिनिटभर, फार तर दोन मिनिटं. पासपोर्ट खरा आहे, व्हिसा खरा आहे, परतीचं तिकीट आहे, उतरण्याचा पत्ता आहे. समोरची मुलगी घाबरलेली नाही, उलट खुशीत आहे. पहिल्यांदा विमानात बसली आहे, तिकडे पगार चांगला आहे, सहा महिन्यांत घरचं कर्ज फिटेल असं तिला सांगितलेलं आहे आणि तिचा त्यावर विश्वास आहे. तिला फसवलं गेलं आहे हे त्या घडीला तिलाच ठाऊक नाही, तर काचेपलीकडच्या माणसाला ते तिच्या चेहऱ्यावर कुठून दिसणार? सक्तीची मजुरी ओळखण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं ११ निर्देशक दिलेले आहेत. पगार अडवून ठेवणं, कागदपत्रं काढून घेणं, येण्याजाण्यावर बंधन, एकटं पाडणं, धमक्या, मारहाण, अतोनात जादा काम. यातल्या बहुतेक गोष्टी माणूस कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावरच घडतात. विमानतळावर त्या दिसतच नाहीत, कारण त्या अजून घडलेल्याच नसतात.

आग्नेय आशियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांनी तर ही सगळी यादीच निकामी केली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा अड्ड्यांवर जबरदस्तीनं राबवले जात असावेत. भारतासह कितीतरी देशांतून तिथे गेलेली ही माणसं कोण होती? शिकलेली, संगणक येणारी, दोन-तीन भाषा बोलणारी तरुण मंडळी, त्यात पुरुषांची संख्या मोठी. पर्यटक व्हिसावर, स्वतःच्या पायांनी, स्वतःची बॅग ओढत ती बँकॉकच्या विमानतळावरून बाहेर पडली आणि पुढे थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतमार्गे नदीपलीकडच्या, म्यानमारमधल्या म्यावाडीत पोहोचवली गेली. भेदरलेली, अशिक्षित, कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली बाई म्हणजे पीडित, असं चित्र मनात घेऊन बसलेल्या अधिकाऱ्यासमोरून ही माणसं एकामागून एक शिक्का मारून घेऊन निघून गेली.

आणि जे चित्र मनात असतं ते नको तिथे काम करतं, हे त्याहून वाईट. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स विमानतळावर एका दिवंगत सिनेटरच्या पत्नीनं पोलिसांना कळवलं की एका बाईसोबत वेगळ्या वंशाचं दिसणारं मूल आहे. पुढे रेडिओवर त्यांनी आपण तस्करी रोखल्याचं सांगितलं. पोलिसांनी खुलासा केला, चौकशी झाली होती आणि गैर असं काहीच आढळलं नव्हतं. ही एका प्रवाशाची चूक होती. पण हीच नजर शिक्का मारणाऱ्या माणसाकडे असेल तर? मग दत्तक मुलांचे आईबाप, मिश्र विवाहातली कुटुंबं आणि एकटीनं प्रवास करणाऱ्या तरुण, गरीब बायका यांनाच रांगेतून बाजूला काढलं जातं. 'तुझ्या भल्यासाठीच' असं म्हणून परत पाठवलेली बाई घरी बसत नाही, कारण तिचं कर्ज घरी बसलेलं असतं. नेपाळनं आखाती देशांत घरकामाला जाणाऱ्या महिलांवर वेळोवेळी बंदी घातली. बायका जायच्या थांबल्या नाहीत, त्या भारतामार्गे, दलालाच्या हाताला धरून गेल्या, म्हणजे आधीपेक्षा अधिक असहाय होऊन गेल्या. संरक्षणाच्या नावानं केलेली अडवणूक दलालाचा धंदा वाढवते, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.

मग प्रशिक्षण कोणाला द्यायचं? माझं उत्तर असं, की जो माणूस शिक्का मारून आत घेतो त्याच्यापेक्षा जो बाहेर काढतो त्याला आधी द्या. व्हिसाची मुदतवाढ नाकारणारा अधिकारी, मुदत संपल्यावर राहिलेल्यांना पकडणारं पथक, डिटेन्शन सेंटरमध्ये नोंदी घेणारा कारकून, आश्रयाच्या अर्जावर मुलाखत घेणारा, हद्दपारीच्या कागदावर सही करणारा. शोषण घडून गेल्यानंतर पीडित माणूस यांच्यासमोर येतो. आणि तो पीडित म्हणून येत नाही, गुन्हेगार म्हणून येतो.

हे कसं घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण यात योगायोग काही नाही. कामगाराचा राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला असला, की मालकाला सोडणं म्हणजेच बेकायदा होणं. आखातातल्या कफाला पद्धतीत घरकाम करणारी बाई मारहाणीला कंटाळून पळाली की मालक 'फरार' म्हणून तिची तक्रार करतो आणि सरकारदरबारी ती आरोपी होते. सायप्रसमध्येही आर्टिस्ट काम सोडून गेली तर मालकानं इमिग्रेशनला कळवायचं, असा नियमच होता आणि न्यायालयानं त्यावर टीका केली. शोषण करणाऱ्याच्या हातात कायद्यानंच दोरी दिलेली असते, आणि ती ओढायला तो इमिग्रेशन खात्याला बोलावतो. लिमासोलच्या मॅनेजरनं तेच केलं. म्हणून मालकाकडून आलेली 'पळून गेली' ही तक्रार ही स्वतःच धोक्याची खूण मानायला अधिकाऱ्यांना शिकवलं पाहिजे. तक्रार आली की पहिला प्रश्न 'कुठे पळाली?' हा नको, 'का पळाली?' हा हवा.

ब्रिटनमधलं उदाहरण याहून बोलकं आहे. २००९ मध्ये गांजाची बंदिस्त शेती चालणाऱ्या दोन ठिकाणी छापे पडले आणि दोन व्हिएतनामी किशोरवयीन मुलं सापडली. तस्करीचा संशय यावा अशी परिस्थिती असूनही दोघांवर खटले चालले, दोघांनी गुन्हा कबूल केला, दोघांना शिक्षा झाली. युरोपीय न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनला दोषी ठरवलं. अशा संशयाच्या प्रकरणात खटला भरण्याआधी जाणकार व्यक्तीकडून पीडित असण्या-नसण्याची तपासणी व्हायला हवी होती, असं न्यायालयानं म्हटलं. मधे बारा वर्षं गेली. ती मुलं तोवर मोठी झाली होती.

आता काय शिकवायचं याबद्दल. बघायला शिकवण्यापेक्षा विचारायला शिकवा. 'तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का?' या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असंच येणार. समोरचा माणूस खोटं बोलतो म्हणून नव्हे. त्याला मारून-बांधून कोणी आणलेलं नसतं, तो स्वतःच निघाला होता आणि हे सगळं आपल्याच निर्णयामुळे झालं असं त्याला वाटत असतं. कायदा मात्र वेगळं सांगतो: फसवणूक, जबरदस्ती किंवा असहायतेचा गैरफायदा असेल तर पीडिताची संमती गैरलागू ठरते, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर या साधनांचा पुरावासुद्धा लागत नाही. हे अधिकाऱ्याला पाठ असेलही, पण मुलाखतीत ते उतरत नाही.

उतरेल ते साध्या, रोजच्या जगण्याच्या प्रश्नांतून. रात्री कुठे झोपायचात? त्या खोलीत अजून किती जण होते? दाराची किल्ली कोणाकडे असायची? पगार हातात यायचा की कोणाच्या खात्यात? येताना किती पैसे द्यायचे ठरले होते, त्यातले किती फिटले, आणि हिशोब कोण ठेवतं? घरी फोन कधी करायचात, तेव्हा शेजारी कोण असायचं? आजारी पडलात तेव्हा काय झालं? या प्रश्नांत कुठेही 'तस्करी' हा शब्द नाही, आरोप नाही, लाज वाटावी असं काही नाही. पण 'किल्ली बाहेरून लावायचे' हे उत्तर आलं की अधिकाऱ्याला कळायला हवं, आता हातातला छापील फॉर्म बाजूला ठेवायचा.

या मुलाखतीत दुभाषी कोण आहे, यावर अर्धी लढाई अवलंबून असते. मालकानं किंवा सोबत आलेल्या 'नातेवाइकानं' भाषांतर केलं तर ती मुलाखतच नव्हे. त्याच गावचा, त्याच जमातीचा दुभाषी असला तरी बाई गप्प होते, कारण बोललेलं गावापर्यंत पोहोचेल ही भीती असते. ओळखीपाळखीचा नसलेला, शक्यतो फोनवरचा, दूरच्या शहरातला दुभाषी पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो. अशा बारीकसारीक गोष्टी प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी हव्यात. प्रत्यक्षात त्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकल्या जातात.

गप्प बसण्याची कारणं अधिकाऱ्याच्या कल्पनेपलीकडची असू शकतात. नायजेरियाच्या एडो भागातून युरोपात नेल्या जाणाऱ्या अनेक मुलींना निघण्याआधी देवस्थानात शपथ घ्यायला लावत. कर्ज फेडीन, तोंड उघडणार नाही, उघडलं तर मरण येईल. हजारो मैल दूर, कुलूप नसलेल्या घरातही ती शपथ त्यांना बांधून ठेवायची. मार्च २०१८ मध्ये याच एडो भागातल्या बेनिनचे ओबा, म्हणजे पारंपरिक राजे, दुसरे एवुआरे यांनी जाहीर समारंभात या शपथा रद्द केल्या आणि अशा शपथा देणाऱ्यांना शाप दिला. युरोपातल्या ज्या अधिकाऱ्याला ही शपथ माहीत नव्हती त्याच्या लेखी ती मुलगी फक्त 'सहकार्य न करणारी' होती. म्हणूनच प्रशिक्षण देणाऱ्यांमध्ये यातून बाहेर पडलेली माणसं असली पाहिजेत. शेवटी चहापानाआधी मनोगत सांगायला बोलावलेली नकोत; अभ्यासक्रम ठरवताना टेबलाशी बसलेली, मानधन घेऊन काम करणारी हवीत.

आणखी एक. भीती आणि मारहाणीतून गेलेल्या माणसाची आठवण सरळ रेषेत येत नाही. तारखा चुकतात, क्रम बदलतो, आज सांगितलेलं उद्या वेगळं निघतं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तर चौथ्या-पाचव्या भेटीत बाहेर येते. इमिग्रेशन खात्याची सगळी शिकवण नेमकी याच्या उलट आहे: जबाबात विसंगती दिसली की समजायचं, माणूस खोटारडा. ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्यानं तर माहिती उशिरा दिली म्हणून पीडिताची विश्वासार्हता कमी धरण्याची तरतूद आणली. एका हातानं पीडिताला ओळखायला शिकवायचं आणि दुसऱ्या हातानं पीडिताचं सर्वांत ठळक लक्षण त्याच्याच विरुद्ध वापरायचं, असा हा प्रकार आहे.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: मग काय, प्रत्येक जण 'मी पीडित' म्हणून राहायला बघेल. काही जण तसं करतीलही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इमिग्रेशन अधिकाऱ्यानं अंतिम निवाडा करावा असं कोणी म्हणतच नाही. युरोप परिषदेच्या २००५ च्या मानवी तस्करीविरोधी कराराची रचना यासाठी चांगली आहे. पीडित असल्याचं मानायला वाजवी कारण दिसलं, की ओळख पटवण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत त्या माणसाला देशाबाहेर काढायचं नाही, आणि सावरायला व विचार करायला किमान ३० दिवस द्यायचे. म्हणजे अधिकाऱ्यानं फक्त थांबायचं आणि जाणकाराकडे सोपवायचं. खोट्या दाव्याची किंमत काही आठवड्यांचा मुक्काम. खऱ्या पीडिताला ओळखलं नाही तर किंमत म्हणजे पुन्हा तोच दलाल, तेच कर्ज आणि पुष्कळदा तोच अड्डा. ज्याला या दोन चुका सारख्या वाटतात त्याच्याशी माझा मुळातूनच मतभेद आहे.

आता पालेर्मो प्रोटोकॉलकडे पुन्हा वळावं लागतं, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. त्यात प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. पण पीडिताला निवारा, उपचार, समुपदेशन देण्याबाबत किंवा देशात राहू देण्याबाबत राष्ट्रांनी 'विचार करावा' एवढंच म्हटलं आहे. डोळे तयार करणं सक्तीचं, आधार देणं ऐच्छिक. सरकारांनी या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला. प्रशिक्षण स्वस्त असतं, फोटो काढता येतात, प्रमाणपत्रं वाटता येतात. निवारा केंद्र वर्षानुवर्षं चालवावं लागतं.

याचा परिणाम थेट काउंटरवरच्या माणसावर होतो. कितीही चांगलं प्रशिक्षण मिळालेला अधिकारी असू दे, पीडित ओळखल्यावर रात्री दोन वाजता फोन करायला त्याच्याकडे नंबर नसेल, पाठवायला जागा नसेल आणि शेवटी त्या बाईला कोठडीतच ठेवावं लागणार असेल, तर दुसऱ्या वेळी तो ओळखण्याच्या फंदात पडणार नाही. त्याला दगडाच्या काळजाचा म्हणणं सोपं आहे. आपण ओळखल्यामुळे त्या माणसाचं बरं होत नाही, हे त्याला अनुभवानं शिकवलेलं असतं. त्यात वरिष्ठ त्याचं काम मोजतात ते किती जणांना परत पाठवलं, रांग किती वेगानं संपवली, यावर. एकाच प्रकरणावर दुपार घालवणारा अधिकारी या हिशोबात कामचुकार ठरतो. आणि जिथे काही अधिकारीच दलालाकडून पैसे घेतात, तिथे तर प्रशिक्षणाचा प्रश्नच नाही. तिथे तपास आणि अटक लागते.

अमेरिकेनं २००० मध्ये तस्करीच्या पीडितांसाठी टी व्हिसा सुरू केला, वर्षाला ५,००० ची मर्यादा घालून. पुढची वीस वर्षं ती मर्यादा एकदाही गाठली गेली नाही. जगभरात कुठल्याही एका दिवशी २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत असल्याचा श्रम संघटनेचा २०२१ चा अंदाज शेजारी ठेवला, तर एवढ्या मोठ्या देशात वर्षाला ५,००० जणसुद्धा या व्हिसापर्यंत पोहोचले नाहीत, याचा अर्थ काय घ्यायचा? २००८ च्या कायद्यानं अमेरिकी सीमा अधिकाऱ्यांवर एकट्यानं आलेल्या मेक्सिकन मुलांची ४८ तासांत तस्करीच्या दृष्टीनं तपासणी करण्याची जबाबदारी टाकली. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांना आढळलं की ही तपासणी एकसारखी होत नाही आणि निर्णयामागची कारणं नीट नोंदवली जात नाहीत. कायदा होता, फॉर्म होता, माणसंही होती. पण गणवेशातल्या माणसानं, कोठडीत, परत पाठवायच्या तयारीत विचारलेल्या प्रश्नांना दहा-बारा वर्षांचं मूल काय उत्तर देणार?

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्या प्रशिक्षण वर्गाच्या बाहेरच्या आहेत. हद्दपारीच्या प्रत्येक आदेशाआधी, पकडणाऱ्या पथकाचा भाग नसलेल्या व्यक्तीनं, स्वतंत्र दुभाष्यासह, बंद दाराआड मुलाखत घ्यावी आणि आपल्या नावानिशी सही करावी. पीडित असल्याचा संशय नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला रात्रंदिवस चालणारा एक फोन नंबर आणि कोठडी नसलेली एक जागा मिळावी. संशय पुढे चुकीचा ठरला तरी त्याच्या नोंदवहीत तो दोष म्हणून धरला जाऊ नये. आणि इमिग्रेशन खात्यानं दरवर्षी किती जणांना प्रशिक्षण दिलं हे छापताना त्याच पानावर तीन आकडे छापावेत: किती जणांना संशयित पीडित म्हणून पुढे पाठवलं, त्यांतल्या किती जणांना राहायला जागा मिळाली, आणि पुढे पाठवल्यानंतरही किती जणांना देशाबाहेर काढलं. तिसरा आकडा द्यायला खातं तयार नसेल, तर प्रशिक्षणासाठी त्याला पैसे देऊ नयेत.